चुलीवर शिक्का

माही वच्छी बोलत नाई, पण तिचं बोलणं मले समजे, अन् फक्त मलेच समजे. आसेगावात कोणालेही विचारा. दुष्काळाच्या आदल्या सालची ती. जन्मली तवा रडलीच नाई. सुईणीनं पाठीवर थापा मारल्या, कांदा फोडून नाकाशी धरला, तवा कुठं जराशी कुईं केली. पुढं मान धरे ना, बसे ना, हातपाय लाकडासारखे ताठ. अकोल्याच्या डॉक्टरनं तपासलं न् सांगतलं, "बाई, हे असंच राह्यन. जीव लावा." जीव लावा म्हणे! जसं काई मी त्याले विचाराले गेली होती, लावू का नको लावू म्हणून.

तर आमचं दोघींचं असं होतं. मी विचारत होती, पाणी पाहिजे? भूक लागली? कूस बदलू? मुंगी चावली? जे खरं असन त्यावर ती दोन्ही डोळे गच्च मिटे न् उघडे. म्हणजे हो. नसन तर तोंड भिंतीकडे फिरवे. म्हणजे नाई. हे दुसऱ्या कोणाले जमेच ना. दोन गोष्टी विचारून लोक कंटाळत. मी पन्नास विचारत होती, सापडेपर्यंत विचारत होती.

आलेगेले तिच्याकडे पाहत अन् मले विचारत, "तुळसाबाई, काय म्हणते वो पोट्टी?" मी सांगन तेच खरं. खोटं कायले बोलू, मले त्याचा मोठा मान वाटे. दुसऱ्या बायांजवळ सोनं होतं, वावर होतं, चार-चार पोरं होती. माह्याजवळ हे होतं.

आता एक आतली गोष्ट सांगते. कधीमधी पोरीच्या नावावर माहंही काम निभून जाये. माहेरी जायची ओढ लागली का मी यांले म्हणत होती, "वच्छी मामाची आठवण काढून राह्यली." हे म्हणजे वच्छीचा बाप, जगदेव नाव. आता म्हातारपणी नाव घ्याले काय लाज! ते लगेच छकडं जुंपत. मंगरूळच्या बजाराले निघाले का मी म्हणत होती, "वच्छीले गोडीशेव आणजा." ते गुळात घोळलेल्या त्या शेवेचा कागदी पुडा आणत. पोरीले ते कोरडं गिळता येये ना, ठसका लागे. एक काडी तिच्या जिभेवर चाटवली का बाकीचा पुडा मी चुलीपुढं बसून संपवत होती. बाईमाणसानं बजारातून स्वतःसाठी खाऊ मागावा, ही आमच्या घरची रीत नव्हती. तिचा बाप खुश, मी खुश. कोणाचं काय नुकसान झालं?

मंग एका उन्हाळ्यात आमच्या घरात रुख्मिणी आली.

माहा देर, यांचा लहाना भाऊ रामराव, एसटीत कंडक्टर होता, कारंजा डेपोले. त्याची ही बायको, कारंज्याचीच. मॅट्रिकले दोन मार्कांनी गेलेली, गोरीपान, एकोणीस वर्षांची, हसली का गालाले खळी. रामराव ड्युटीवर जाये न् ही दिवसभर माह्या घरात. आल्या दिवसापासून वच्छीजवळ बसे, तिच्या केसाले तेल लावे, तिच्याशी बोले. मले म्हणे, "बाई, तुमी वावरात जा, मी पाहतो तिले." मी वावरातून आली का ही रडकुंडीले आलेली असे. "बाई, ती काहीतरी सांगून राह्यली, मले समजतच नाई." मी हातपाय धुवून सावकाश जात होती. दोन प्रश्न विचारले का पोरगी शांत. रुख्मी पाहतच राहे. त्या वेळी ती मले भल्ली आवडे.

त्याच उन्हाळ्यात गावात पंचायतीची निवडणूक झाली. भिंतीवर, झाडावर, गाडीच्या चाकावर जिकडं तिकडं निशाण्या. छत्री, कपबशी, शिडी, मटका. मत देऊन मी घरी आली, बोटाले शाई लागलेली. रुख्मी मले म्हणे, "बाई, राग नका मानू, तुमाले तर वाचता येत नाई. मत कसं दिलं तुमी?"

"कसं म्हणजे? निशाणी पाह्यली न् शिक्का मारला."

ती माह्याकडे पाह्यत राह्यली, मंग वच्छीकडे पाह्यलं. "मंग वच्छी काहून नाई मारू शकत?" म्हणे.

मले हसूच आलं. पण ती बया ऐकते थोडीच. चहाच्या पेटीची फळी घेतली, घासून साफ केली. गावभर फिरून निवडणुकीचे उरलेसुरले कागद जमा केले, निशाण्या कापल्या, ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून फळीवर डकवल्या. कपबशी म्हणजे दूध. मटका म्हणजे पाणी. छत्री म्हणजे बाहेर जायचं. जे कागदात नव्हतं ते तिनं शाईनं काढलं. ताट म्हणजे भूक. खाट म्हणजे झोप. डोळ्यातून पाणी म्हणजे दुखून राह्यलं. खाली माणसांची ओळ होती. बैलजोडी म्हणजे बाबा, एसटीचं तिकीट म्हणजे काका. फूल म्हणजे काकू. अन् चूल म्हणजे आई.

स्वतःले फूल घेतलं न् मले चूल! ते माह्या मनात रुतून बसलं.

वच्छीच्या अंगात डावी मूठ तेवढी जराशी तिच्या ताब्यात. रुख्मी तिले मांडीवर टेकवून बसवे, फळी पुढं धरे न् एकेक निशाणीचं नाव सांगे. पंधरा-वीस दिवस काईच झालं नाई. मी मनातल्या मनात म्हणलं, थक आता. अन् एका सकाळी वच्छीनं मूठ उचलली. ती थरथरली, तिकडं गेली, इकडं आली, न् धाडकन छत्रीवर पडली.

"शिक्का मारला! बाई, वच्छीनं शिक्का मारला!" रुख्मी किंचाळली. तशीच पोरीले खांद्यावर घेऊन गल्लीत पळाली. वच्छी अशी हसून राह्यली होती का तिच्या हनुवटीवरून लाळ गळे न् रुख्मीच्या नव्या लुगड्यावर पडे. मी दारात भाकरीच्या पिठाचे हात घेऊन उभी. माही पोरगी सात वर्षांची झाली न् पहिल्यांदा आपल्या मनानं काई बोलली. आईले आनंद व्हाले पाहिजे का नाई? मले आनंद नाई झाला. माह्या पोटात आग पडली.

मंग काय विचारता! गल्लीतले लोक येत न् थेट पोरीपुढं फळी धरत. "वच्छे, मार शिक्का." म्हातारे, पोट्टे, सगळे. मले कोणी विचारेच ना. मटक्यावर मूठ पडली का कोणीही उठून पाणी पाजे. जे मी सात वर्षं एकेक प्रश्न करून शोधून काढलं, ते आता शेंबडं पोरगंही ओळखे. रामराव सुटीवर आला का वच्छी तिकिटावर शिक्का मारे न् तो तोंडानं घंटी वाजवे, "चला, डबल बेल!" हेही खुश. म्हणत, "रुख्मीनं सोनं केलं वो पोरीचं." मंग मी काय कोळसा केला होता?

अन् ती दिवसातून दहा वेळा फुलावर शिक्का मारे. मी मोजत होती. पोळी लाटता लाटता, ताक घुसळता घुसळता, माहा कान त्या फळीच्या आवाजावर. धप्. "काय वो, काकू पाहिजे? आली, आली." बैलजोडीवर मारे, तिकिटावर मारे. चुलीवर एकदाही नाई. पोळा गेला, गणपती गेले, चुलीची निशाणी तशीच कोरी करकरीत. बाकीच्या निशाण्या मळल्या होत्या.

एक दिवस मीच गुपचूप तिच्यापुढं फळी धरली. म्हणलं, "वच्छे, आई कुठं हाय? मार शिक्का." तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं, अन् हसली. मूठ उचललीच नाई. मी फळी ठेवून दिली न् त्या दिवशी जेवली नाई.

भादव्याच्या पुनवेनंतर भुलाबाई बसली. आमच्याकडं महिनाभर संध्याकाळच्या पोरी घरोघर जातात, भुलाबाईची गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात. शेवटी त्या घरची बाई खिरापत डब्यात लपवून डबा वाजवते, न् आत काय हाय ते पोरी ओळखतात. गोड का तिखट, लाडू का चिवडा, ओळखलं का डबा उघडायचा, नाई ओळखलं तर "हरलो" म्हणायचं न् मंग खायचं. पण आमच्या घरी पोरी येत नव्हत्या. मीच मना केलं होतं. गल्लीत गाणी सुरू झाली का वच्छी जिवाच्या आकांतानं ओरडे, अंग धनुष्यासारखं वाकडं करे. मी दार लावून घेत होती, तिचे कान झाकत होती. सगळ्यांले सांगून ठेवलं होतं, तिले गोंगाट सहन होत नाई, ती भेते. चार वर्षं झाली त्याले.

त्या संध्याकाळी शेजारच्या घरी गाणी सुरू झाली. वच्छी ओरडली. मी दाराकडं धावली तर रुख्मी म्हणे, "थांबा बाई, तिले विचारून तर पाहू." तिनं फळी धरली. वच्छीनं छत्रीवर मूठ मारली. परत मारली. परत मारली. फळी हातातून पडन अशी मारत राह्यली.

"तिले भेव नाई लागत," रुख्मी म्हणे. "तिले जायचं हाय."

दारात शेजारची लिला टिपऱ्या घेऊन उभी होती, दहा वर्षांची. तिनं सगळं ऐकलं. म्हणे, "काकू, तुमीच तं म्हणत होत्या, ती भेते."

रुख्मी पोरीले घेऊन गेली. मी अंधारात चुलीपुढं बसली. बाहेर पोरी गात होत्या न् मधात वच्छीचा आवाज येत होता, तोच आवाज, ज्याच्यासाठी मी चार वर्षं दार लावलं. आता तो मले हसण्यासारखा ऐकू येत होता. मले लाज वाटाले पाहिजे होती. वाटली, नाई असं नाई. पण लाजेपेक्षा राग मोठा होता. हे दुसऱ्या कोणी का दाखवून द्यावं? तेही कालच्या आलेल्या पोरीनं, जिले स्वतःचं एक लेकरू नाई?

दुसऱ्या दिवशी दुपारी रुख्मी नदीवर धुणं घेऊन गेली. मी फळी उचलली, मागच्या कोठ्यात नेली न् कडब्याच्या पेंढ्याखाली दाबली. परत आली तं वच्छी गोधडीवरून माह्याकडंच पाहून राह्यली होती. जातानाही पाहत होती, रिकाम्या हातानं येतानाही पाह्यलं.

"काय पाहतं?" मी म्हणलं. "तुही माय हाय मी."

रुख्मीनं घर धुंडाळलं. मी म्हणलं, कुत्र्यानं ओढली असन. ती रडली. मले वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईन. संध्याकाळी वच्छी कण्हाले लागली तशी मी जवळ बसली. पाणी पाहिजे? काईच नाई. भूक? काईच नाई. कूस बदलू? कुठं दुखते? डोळे मिटेना, तोंड फिरवेना. उघड्या डोळ्यांनी आढ्याकडं पाहत पडून राह्यली. मी पन्नास प्रश्न विचारले. साठ विचारले. सात वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पोरगी माह्याशी बोलतच नव्हती. आमच्या दोघींचं जे होतं, ते फळीच्या आधीचं, फक्त आमचं, तेही तिनं बंद केलं होतं.

दोन दिवस असंच. दूध ओठाशी लावलं तं ओघळून जाये. तिसऱ्या दिवशी सकाळी रुख्मी तिच्याजवळ बसली न् मी करत होती तसं विचारू लागली. शिकली होती माह्याकडूनच. "वच्छे, फळी कुत्र्यानं नेली?" पोरीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. नाई. "मंग माणसानं नेली?"

माह्या हातातली फुंकणी हातातच राह्यली. वच्छीनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं. तिले डोळे मिटायचीच देर होती, मंग पुढचा प्रश्न आला असता, न् त्याच्या पुढचा. ती पाहत राह्यली, पाहत राह्यली, अन् मंग परत आढ्याकडं पाहाले लागली. ना हो म्हणलं, ना नाई म्हणलं.

पोरीनं मले सांभाळून घेतलं. माह्याच्यानं ते पाहावलं नाई. मी उठली, कोठ्यात गेली, फळी काढली, पदरानं पुसली न् आणून रुख्मीच्या मांडीवर ठेवली. "मी लपवली होती," म्हणलं. "तुह्या डोळ्यात मी चूल, न् तू फूल! माही पोरगी, न् मलेच तिथं जागा नाई. घे तुही फळी."

रुख्मीचं तोंड उतरलं. मंग ती हळूच म्हणे, "बाई, चूल मी नाई ठरवली. मी तुमच्यासाठी देवघरातली समई काढली होती, चांदणी काढली होती. तिले दाखवून पाह्यल्या. तिनं तोंड फिरवलं. सारखी चुलीकडं पाहे. दिवसभर चुलीजवळच तं पडून राहते ना ती, तुमच्याकडं पाहत."

"मंग शिक्का काहून मारत नाई माह्यावर?"

"ते मले माईत नाई बाई," रुख्मी म्हणे. ती खोटं बोलली नाई, एवढं मले बरं वाटलं. वच्छीनं त्या दिवशी दूध पिलं. पण माह्या पोटातली आग काई विझली नाई. फक्त राख धरली तिच्यावर.

कोजागिरीले भुलाबाई उठते. त्या साली पहिल्यांदा आमच्या आंगणात ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभा झाला न् गावातल्या सगळ्या पोरी आमच्याकडं येणार होत्या. खिरापत काय करायची, मी विचारलं तं रुख्मी म्हणे, "ते वच्छी ठरवन." आदल्या दिवशी हे न् रुख्मी तिले छकड्यात घालून मंगरूळच्या बजाराले घेऊन गेले. दुकानादुकानापुढं छकडं उभं करून विचारलं म्हणे. घरी आले तं डालड्याचा डबा फडक्यात बांधलेला. मी म्हणलं, काय हाय? हे हसले. रुख्मी म्हणे, "आईले सांगायचं नाई, अशी बोली हाय आमची. नाई वो वच्छे?" वच्छीनं डोळे गच्च मिटले न् उघडले.

दिवेलागणीले पोरी आल्या. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या. वच्छी रुख्मीच्या मांडीवर, नवा परकर, केसात शेवंती, पुढं फळी. मंग रुख्मीनं डबा वाजवला. आतून खुळखुळ खुळखुळ.

"गोड का तिखट?" पोरी ओरडल्या.

"गोड."

लाडू? नाई. चिरोटे? नाई. रेवड्या, साखरफुटाणे, करंज्या? वच्छी दरवेळी तोंड फिरवे न् हसून लाल होये. पोरी थकल्या. लिला कमरेवर हात ठेवून म्हणे, "काकू, आता तुमी ओळखा. तुमाले तं तिच्या मनातलं सगळं समजते."

सगळं आंगण माह्याकडं पाहाले लागलं. आयाबाया दाराशी होत्या, हे ओसरीवर, रामराव सुटीवर आलेला. मले वाटलं, आता दाखवते. फळी न् निशाण्या तुमच्या, पण माह्या पोरीच्या जिभेले काय आवडते, ते माह्याइतकं कोणाले माईत हाय? मी पुढं सरकून बसली.

"बत्तासे," मी म्हणलं. तोंडात विरघळते म्हणून तिले बत्तासा आवडे. वच्छीनं तोंड फिरवलं.

"राजगिऱ्याचा लाडू, कुस्करून." नाई.

"गुळाचे खडे." नाई.

"पेढा. केळं. उकडलेलं रताळं."

"रताळं असं वाजते का वो काकू!" पोरी खिदळल्या.

तिले जे जे गिळता येये ते मी सगळं म्हणून टाकलं. वच्छीचे डोळे असे चमकून राह्यले होते, जसं काई तिनं मले विहिरीच्या काठावर आणून उभं केलं. सात वर्षं मी विचारत आली न् ती सांगत आली. लपवण्यासारखं तिच्याजवळ काई असन, हे माह्या ध्यानातच कधी आलं नव्हतं. आता होतं. ते रुख्मीले माईत होतं, बजारातल्या दुकानदाराले माईत होतं, न् मले नव्हतं. मले रडू आलं. ते गिळून मी म्हणलं, "हरली वो बाई. हरली मी."

रुख्मीनं फडकं सोडलं, झाकण काढलं. गोडीशेव होती.

"अरे, वच्छीची गोडीशेव!" पोरी टाळ्या वाजवाले लागल्या. हे ओसरीवरून मोठ्यानं म्हणाले, "मले तं बजारातच माईत होतं. दुसरं काय घेईन ते! लहानपणापासून तिचा जीव त्याच्यातच."

आंगणात एक मी न् एक वच्छी, आमाले दोघींलेच माईत होतं का तिले गोडीशेव गिळता येत नाई.

रुख्मीनं फळी तिच्यापुढं धरली. "बोल वच्छे, पहिला घास कोणाचा?" वच्छीनं मूठ उचलली. ती थरथरत फुलावरून गेली, बैलजोडीवरून गेली, पार खालच्या कोपऱ्यात गेली, न् धप् करून चुलीवर पडली.

फळी झाल्यापासूनचा चुलीवरचा तो पहिला शिक्का होता.

"अगं माय!" रुख्मीच्या डोळ्यात पाणी आलं. "आईच्या हातानं खायची म्हणते. घ्या बाई, भरवा तिले."

दारातल्या बाया पदर डोळ्याले लावाले लागल्या. कोणीतरी म्हणलं, "शेवटी माय ते माय." सहा महिने ज्याच्यासाठी मी जळली, ते सगळं एका घडीत माह्या पुढ्यात आलं होतं. मी फक्त हात पुढं करायचा होता. मी एक काडी उचलली, तिच्या ओठापर्यंत नेली. वच्छीनं तोंड फिरवलं, न् मंग वळून माह्याकडं पाह्यलं, चुलीजवळून पाहत होती तसंच. मी पुडा संपवत होती तवा सात वर्षं ती हेच पाहत होती.

"रुख्मे, तू चुकली," मी म्हणलं. "ती भरव नाई म्हणत."

"मंग काय म्हणते?"

सगळे माह्याकडं पाहत होते. तुळसाबाई, काय म्हणते वो पोट्टी? किती दिवसांनी कोणी मले विचारत होतं. न् आता जे खरं होतं ते सांगतलं तं माहं तोंड दाखवाले जागा उरत नव्हती.

"ती म्हणते, ही आईची हाय, आईले द्या." मी यांच्याकडं पाह्यलं नाई, फळीकडं पाह्यलं. "तिले हे खपत नाई, ठसका लागते. तिनं कधीच मागतली नव्हती. मी मागत होती, तिच्या नावानं. मीच खात होती. मामाची आठवणही मलेच येये."

लिलाच्या हातातली टिपरी खाली पडली, ती कोणी उचलली नाई. हे ओसरीवरून उठले, दोन पायऱ्या उतरून आले. मले वाटलं, आता चार लोकांत बोलन हा माणूस मले.

"मंग तू मागतली काहून नाई?" ते म्हणाले. "तुले तं बोलता येते."

हातातली काडी मी सगळ्यांच्या देखत आपल्या तोंडात टाकली न् चावली. रुख्मीनं डबा माह्या मांडीवर आणून ठेवला.

"चांगली हाय का वो आई?" तीच वच्छीच्या वतीनं म्हणाली, अन् लगेच जीभ चावली. मंग पोरीकडं वळून विचारलं, "हेच विचारून राह्यली ना तू?"

वच्छीनं दोन्ही डोळे गच्च मिटले, न् उघडले.